पेशी-उपचारासाठी प्लॅस्टिक निवडताना काय तपासतो

सीएआर-टीसारख्या, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) बाहेर बदलून, वाढवून परत देण्याच्या उपचारात रुग्णाला चढते ती पिशवी जेमतेम ५० मिलिची, आणि बहुतेक वेळा एकदाच. त्या पेशी मात्र त्याआधी आठवडा-दोन आठवडे प्लॅस्टिकमध्येच राहिलेल्या असतात. संकलनाची बॅग, धुण्याचा संच, पेशी वाढवण्याची कल्चर बॅग, कित्येक मीटर ट्यूबिंग, कनेक्टर, फिल्टर आणि शेवटी गोठवण्याची बॅग. साध्या इंजेक्शनच्या औषधात प्लॅस्टिकमधून काय उतरलं याचा हिशेब रुग्णाला सहन होईल अशा मात्रेवर होतो. इथे तो हिशेब दुसरा. पहिला हिशेब पेशीचा: ती जगली का, वाढली का, पुढचं काम करण्याजोगी राहिली का. शिवाय ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पेशी पार होत नाही आणि भरलेली बॅग निर्जंतुक करता येत नाही. म्हणून शेवटच्या धुण्यानंतर आत जे शिरेल ते थेट शिरेत जातं. प्लॅस्टिकची निवड आम्ही याच दोन गोष्टी समोर ठेवून करतो.

कामाची सुरुवात कॅटलॉगपासून करू नये. आधी प्रक्रियेचा आराखडा पसरायचा आणि द्रव ज्याला ज्याला स्पर्श करतो तो प्रत्येक भाग यादीत उतरवायचा. पंपातला नळीचा तुकडा, सॅम्पलिंग पोर्टमधली रबरी डिस्क, सिरिंजच्या दट्ट्याचं टोक हे हमखास सुटतात. प्रत्येक भागासमोर लिहायचं: पॉलिमर आणि त्याचा नेमका ग्रेड, आतला स्पर्श-पृष्ठभाग चौरस सेंटिमीटरमध्ये, त्यातून जाणारा द्रव, तापमान, संपर्काचा वेळ, निर्जंतुकीकरणाची पद्धत, आणि त्या टप्प्यानंतर पेशी किती वेळा धुतल्या जातात. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण जोखीम तोच ठरवतो. सुरुवातीच्या बफर बॅगमधून काही उतरलं तर पुढच्या धुण्यात बरंचसं निघून जाण्याची आशा असते. अंतिम बॅगेत उतरलेलं निघत नाही.

याच यादीत पृष्ठभाग आणि घनफळ यांचं गुणोत्तर काढलं की कुठे लक्ष द्यायचं ते आपोआप दिसतं. घनाकृती धरली तर २०० लिटरच्या बॅगेत दर मिलिलिटर द्रवामागे साधारण ०.१ चौरस सेंटिमीटर फिल्म येते. १० बाय ७ सेंटिमीटरच्या छोट्या बॅगेत ३० मिलि भरलं तर हेच प्रमाण ४.७ होतं, म्हणजे चाळीसपट आणि वर. ३.२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत ते १२.५ आहे. म्हणून मोठ्या बायोरिअ‍ॅक्टरवर वर्षानुवर्षं चाललेली फिल्म छोट्या बॅगेत चालेलच असं गृहीत धरता येत नाही. आणि तासन् तास नळीत थांबलेला द्रव बॅगेतल्या द्रवापेक्षा जास्त संशयास्पद असतो. पंप थांबवून ठेवण्याच्या वेळा आराखड्यात लिहिलेल्या नसतात. त्या प्रत्यक्ष चालवणाऱ्या ऑपरेटरला विचारून घ्याव्या लागतात.

यानंतर सप्लायरची कागदपत्रं. "क्लास सहा पास" हा शिक्का सगळेच दाखवतात. यूएसपी, म्हणजे अमेरिकी औषध-मानकसंहिता, हिच्या ८८ व्या प्रकरणातली ही चाचणी प्लॅस्टिकचे अर्क उंदीर-सशांना टोचून आणि तुकडा शरीरात बसवून केली जाते. ढोबळ विषारीपणा त्यात पकडला जातो. यूएसपी ८७ किंवा आयएसओ १०९९३-५ मध्ये अर्क पेशींवर घालतात, पण त्या चिवट प्रयोगशाळेतल्या पेशी असतात, मीडियात (पेशी वाढवण्याच्या द्रवात) बहुधा सीरम असतं आणि वेळ एक-दोन दिवसांचा. सीरममधलं अल्ब्युमिन तेलकट रेणू धरून ठेवतं, त्यामुळे विषाची धार बोथट होते. सीरमविरहित मीडियात दहा दिवस वाढणाऱ्या टी-पेशींबद्दल हे दाखले फारसं काही सांगत नाहीत. ते हवेतच, पण निवड त्यावर थांबवू नये.

सप्लायरकडे आम्ही नेमकं हे मागतो. फिल्मच्या प्रत्येक थराचा पॉलिमर आणि रेझिनचा ग्रेड. अँटिऑक्सिडंट, स्लिप एजंट (फिल्म सरकती ठेवणारा पदार्थ) आणि आम्लशोषक यांची नावं. गोपनीयतेचा करार करून ती मिळतात, आणि करार करूनही न मिळाली तर तो सप्लायर आमच्या यादीत मागे जातो. निर्जंतुकीकरणासाठी दिलेल्या गॅमा किरणांची किमान आणि कमाल मात्रा. कॅल्शियम किंवा झिंक स्टिअरेट वनस्पतीजन्य आहे की गुरांच्या चरबीपासूनचं, आणि चरबीपासूनचं असेल तर टीएसई-बीएसईचा (गुरांच्या मेंदूरोगाचा धोका नसल्याचा) दाखला. एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आणि कणांची मर्यादा. एक्स्ट्रॅक्टेबल्सचा, म्हणजे कडक द्रावकांत प्लॅस्टिकमधून काय काय निघतं याचा, अहवाल. आणि बदल करण्यापूर्वी किती महिने आधी कळवणार, हे लेखी.

एक्स्ट्रॅक्टेबल्सचा अहवाल हातात आला की सारांशाचं पान उलटून थेट पद्धतीकडे जायचं. यूएसपी ६६५ मध्ये तीन द्रावकं आहेत: पीएच ३, पीएच १०, आणि निम्मं पाणी निम्मं इथेनॉल. बायोफोरम या औषध-उद्योगाच्या संघटनेच्या पद्धतीत २०२० च्या सुधारणेनंतर चार आहेत: ५० टक्के इथेनॉल, ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, ०.१ मोलर फॉस्फरिक आम्ल आणि शुद्ध पाणी. नमुना गॅमा दिलेला होता का, आणि तुम्हाला मिळणाऱ्या मालाइतक्या किंवा त्याहून जास्त मात्रेचा होता का, हे आधी बघा. गॅमा न दिलेल्या फिल्मचा अहवाल अत्यंत स्वच्छ असतो आणि तितकाच निरुपयोगी. दुसरं, तापमान आणि वेळ तुमच्या वापराहून कडक हवेत. तिसरं, वाष्पशील पदार्थांसाठी हेडस्पेस जीसी-एमएस, अर्ध-वाष्पशीलसाठी जीसी-एमएस, न उडणाऱ्यांसाठी एलसी-एमएस आणि धातूंसाठी आयसीपी-एमएस या चारही तपासण्या आहेत का. एलसी-एमएस गाळलेली असेल तर पुढचा धोका त्या अहवालात दिसणारच नाही.

तो धोका म्हणजे इर्गाफॉस १६८. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन वितळवताना जळू नये म्हणून घातलं जाणारं हे फॉस्फाइट अँटिऑक्सिडंट जवळजवळ सगळीकडे असतं. फिल्म ओढताना त्यातलं काही फॉस्फेटमध्ये बदलतं. पुढे गॅमा दिल्यावर तो रेणू तुटून बिस(२,४-डाय-टर्ट-ब्युटिलफेनिल) फॉस्फेट, म्हणजे बीडीटीबीपीपी तयार होतं. काही बॅगांमध्ये सीएचओ पेशी (औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशी) नीट का वाढत नाहीत याचं कारण हा पदार्थ असल्याचं अ‍ॅम्जेन या औषध कंपनीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. दशलक्षात एक भाग (पीपीएम) याच्या बऱ्याच खालच्या पातळीवरही तो पेशींची वाढ रोखतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या बॅगांवर प्रचलित चाचण्यांचे शिक्के होतेच. त्यानंतर कित्येक उत्पादकांनी रेझिन आणि अ‍ॅडिटिव्हची मात्रा बदलून नव्या फिल्म आणल्या. आजही सप्लायरला विचारायचा पहिला प्रश्न हाच: स्पर्श-थरात इर्गाफॉस १६८ आहे का, किती, आणि गॅमानंतर बीडीटीबीपीपी किती मोजलं. "नाही" असं उत्तर आलं तर त्याऐवजी काय आहे ते विचारा. अँटिऑक्सिडंट अजिबात नसलेली पॉलिओलेफिन (पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीन गटाची) फिल्म गॅमात टिकणं अवघड असतं.

गॅमाबद्दल थोडं अधिक, कारण बहुतेक भानगडी तिथेच जन्मतात. साधारण २५ ते ४० किलोग्रे मात्रा दिली जाते. साधं पॉलिप्रॉपिलीन त्यात कमजोर होतं आणि ते लगेच दिसत नाही. साखळ्या तुटण्याचं काम साठवणीतही चालू राहतं आणि काही महिन्यांनी कनेक्टरचा काठ कडकन तुटतो. विकिरण-स्थिर ग्रेड घ्यावा, नाहीतर तो भाग ऑटोक्लेव्ह करावा. पीटीएफईला (टेफ्लॉनला) गॅमा देऊच नये, त्याचा भुगा होतो. ईव्हीए या मऊ प्लॅस्टिकमधून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. कमी बफर असलेल्या द्रवाचा पीएच छोट्या बॅगेत घसरतो. पीव्हीसी आणि पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं. पॉलिकार्बोनेटचा पिवळेपणा बराचसा दिसण्यापुरता असतो, पण तपासनीस त्यावर बोट ठेवतोच. मुदतीच्या दोन्ही टोकांचा माल तपासा: नुकता गॅमा दिलेला आणि मुदत संपत आलेला. पहिल्यात नवे तुटलेले रेणू असतात, दुसऱ्यात ठिसूळपणा.

आता भागांकडे. कल्चर बॅगेला वायू आत-बाहेर जाऊ देणारी फिल्म लागते, साठवणीच्या बॅगेला न जाऊ देणारी. साठवणीच्या फिल्ममध्ये मध्यभागी ईव्हीओएचचा थर ऑक्सिजन अडवतो. तो ओला झाला की अडवण्याची ताकद घटते, म्हणून तो दोन्ही बाजूंनी पॉलिइथिलीनमध्ये बंद असतो. अशा बहुथरी बॅगेत पेशी वाढवायला ठेवल्या तर त्या गुदमरतात आणि दोष लीचेबल्सवर (प्रत्यक्ष वापरात द्रवात उतरलेल्या पदार्थांवर) जातो. कल्चरसाठी एफईपी (टेफ्लॉनच्या गटातलं प्लॅस्टिक) हा स्वच्छ पर्याय आहे: अँटिऑक्सिडंट नाही, प्लॅस्टिसायझर नाही, वायू पुरेसा जातो. अडचणी दोन. त्याचं वेल्डिंग उच्च तापमानाला आणि चिकाटीने करावं लागतं, आणि तो पीएफएएसच्या (निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या) व्याख्येत बसतो. युरोपातल्या पाच देशांनी २०२३ च्या सुरुवातीला या सगळ्या गटावर निर्बंधांचा प्रस्ताव मांडला आहे. आज एफईपी निवडणाऱ्याने पर्यायी पॉलिओलेफिन बॅगेचा तुलनात्मक डेटा आत्ताच जमवून ठेवावा.

पीव्हीसी रक्तपेढीतून आलेलं आहे आणि संकलनाच्या संचात ते भेटतंच. मऊ करण्यासाठी घातलेलं डीईएचपी वजनाने ३० ते ४० टक्के असू शकतं आणि ते पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. प्लाझ्मा, लिपिड, पॉलिसॉर्बेट यांत ते सहज उतरतं. युरोपच्या वैद्यकीय उपकरण नियमात अशा प्रजनन-घातक पदार्थाचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर गेलं की लेखी समर्थन द्यावं लागतं. टीओटीएम, डीआयएनसीएच यांसारखे पर्याय कमी झिरपतात. गंमत म्हणजे लाल पेशींची बाह्यत्वचा डीईएचपीमुळे टिकून राहते, म्हणून रक्तपेढ्यांना ते सोडणं जड गेलं. टी-पेशींच्या प्रक्रियेत तो फायदा नाही, त्यामुळे पीव्हीसी ठेवण्याचं आमच्या मते एकच कारण उरतं: संकलनाचा मंजूर संच दुसऱ्या कशाचा मिळतच नसेल. तरी तिथे पेशी रात्रभर ठेवू नयेत.

ट्यूबिंगमध्ये सिलिकोन आणि टीपीई (उष्णतेने वितळणारं रबरासारखं प्लॅस्टिक) असे दोन तट आहेत. सिलिकोन प्लॅटिनम-क्युअर्डच (प्लॅटिनमच्या साहाय्याने पक्कं केलेलं) घ्यायचं; पेरॉक्साइड-क्युअर्डमध्ये क्लोरीनयुक्त बेंझोइक आम्लासारखे अवशेष राहतात. प्लॅटिनमवाल्यातूनही सिलोक्सेनचे छोटे रेणू उतरतात, पण तुलनेने कमी. त्याचा खरा तोटा वेगळा: ते उष्णतेने सील होत नाही आणि निर्जंतुक वेल्डरवर जोडता येत नाही. बंद पद्धतीने काम करायचं तर टीपीई लागतं. वेल्ड करताना दोन्ही टोकं एकाच पदार्थाची, एकाच मापाची आणि कोरडी हवीत. पीव्हीसीला टीपीई जोडलं तर सांधा दिसायला बरा आणि ओढल्यावर सुटणारा. पेरिस्टाल्टिक पंपात नळीची आतली बाजू घासून कण सुटतात. हे गंभीर, कारण अंतिम उत्पादनात पेशी स्वतःच कण असल्याने नेहमीची कण-मोजणी तिथे उपयोगी पडत नाही. कण आधीच रोखावे लागतात: पंपाचा दाब गरजेपुरता, पंपाखालचा तुकडा ठरावीक तासांनी सरकवायचा, नळी धारदार कटरने कापायची आणि संच वापरण्याआधी खंगाळायचा.

एक रासायनिक खड्डा वारंवार आडवा येतो. गोठवण्याच्या मीडियात डीएमएसओ (पेशींना गोठताना वाचवणारा द्रावक) ५ ते १० टक्के असतो आणि त्या पातळीला बहुतेक प्लॅस्टिक निभावतं. पण तो बनवताना शुद्ध डीएमएसओ हाताळला जातो, आणि तो पॉलिकार्बोनेट, एबीएस, पीव्हीसी यांना पोखरतो. स्टॉपकॉक आणि ल्युअर कनेक्टर नेमके याच प्लॅस्टिकचे असतात. बारीक तडे जातात आणि गळती तासाभराने दिसते. फिल्टरमधली पीईएस आणि पीव्हीडीएफ मेम्ब्रेन त्यात विरघळते. शुद्ध डीएमएसओ गाळायचाच तर नायलॉन किंवा हायड्रोफिलिक पीटीएफई. नाहीतर आधी पातळ करून, थंड होऊ देऊन, मग पीईएसमधून. मिसळताना उष्णता सुटते, हेही विसरू नये.

झिरपण्याची उलट बाजू म्हणजे चिकटणं. नॅनोग्रॅम पातळीवरचे सायटोकाइन (पेशींना वाढीसारखे इशारे देणारी प्रथिनं) आणि एएव्हीसारखे व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारे विषाणू) नळीच्या भिंतीला चिकटून गायब होतात. पेशी वाढल्या नाहीत की प्रत्येक जण विष शोधतो, आणि मीडियात आयएल-२ हे वाढीला लागणारं सायटोकाइन उरलेलंच नसतं. भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर मात्रा मोजली की अर्ध्या दिवसात खुलासा होतो. एएव्हीच्या द्रवात पोलोक्सामर १८८ अगदी ०.००१ टक्का घातलं तरी चिकटणं बरंच कमी होतं.

कागदावर दोन-तीन पर्याय उरले की पेशींवर चाचणी. जर्मनीतल्या डेकेमा संस्थेने २०१४ मध्ये फिल्मसाठी अशा चाचणीची शिफारस प्रसिद्ध केली आहे; सांगाडा तिथून घेता येतो, पेशी आणि मीडिया मात्र आपले वापरायचे. सर्वांत छोटी बॅग घ्यायची म्हणजे गुणोत्तर सर्वांत वाईट मिळतं. त्यात सीरम आणि अल्ब्युमिनविरहित मूळ मीडिया भरून ३७ अंशांवर प्रक्रियेइतका किंवा त्याहून जास्त काळ ठेवायचा. तसाच मीडिया बोरोसिलिकेट काचेत, त्याच तापमानाला, तितकाच काळ. हा नियंत्रण नमुना. ताज्या मीडियाशी तुलना केली तर ३७ अंशांवर ग्लुटामिन तुटल्याचा दोष बॅगेच्या माथी येतो. मग नाशवंत घटक दोन्हीकडे नव्याने घालून त्यात पेशी वाढवायच्या: १०० टक्के, ५० टक्के आणि २५ टक्के अर्क. सोबत बीडीटीबीपीपी मुद्दाम घातलेला एक नमुना हवाच. त्यात पेशी मरगळल्या नाहीत तर तुमची चाचणीच बधिर आहे आणि बाकीचे सगळे "उत्तम" निकाल फेकून द्यावे लागतात.

जिवंत पेशींच्या टक्क्यावर समाधान मानू नका. विषबाधा झालेल्या पेशी मरण्याआधी वाढणं थांबवतात. टक्का ९० राहतो आणि संख्या निम्मी होते. किती पट वाढ झाली, टी-पेशींच्या दोन प्रकारांचं (सीडी४-सीडी८) प्रमाण, स्मृती-पेशींचा वाटा आणि लक्ष्यपेशी मारण्याची क्षमता, एवढं तरी पाहावं. किमान तीन दात्यांच्या पेशी आणि फिल्मचे तीन लॉट. दात्यादात्यातला फरक प्लॅस्टिकच्या फरकाहून मोठा असतो, म्हणून तुलना नेहमी एकाच दात्याच्या काच आणि बॅग यांच्यात करायची. रुग्णांच्या पेशी निरोगी दात्यांपेक्षा नाजूक असतात. निरोगी दात्यांवर काठावर पास झालेली फिल्म आम्ही घेत नाही.

रुग्णाचा हिशेब त्यानंतर, आणि तो सोपा आहे. समजा अंतिम बॅग ५० मिलि, एकच मात्रा. दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम ही कडक मर्यादा धरली तर मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅम. उपकरणाच्या अनिश्चिततेसाठी निम्मं केलं तर १५. म्हणजे १५ नॅनोग्रॅमच्या वरचा प्रत्येक पदार्थ ओळखून विषशास्त्रज्ञाकडे द्यायचा. आयसीएच एम७ या आंतरराष्ट्रीय औषध-मार्गदर्शिकेत महिन्याच्या आतल्या वापरासाठी जनुकघातक अशुद्धीची मर्यादा दिवसाला १२० मायक्रोग्रॅम आहे. ती धरली तर त्याच हिशेबाने उंबरठा मिलिलिटरमागे १.२ मायक्रोग्रॅमवर येतो. एकच मात्रा म्हणून दुसरा आकडा समर्थनीय आहे. तरी आम्ही पदार्थांची यादी कडक उंबरठ्याने करतो, कारण पेशींना बाधणारे रेणू बहुधा याच दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात सापडतात.

गोठवण्याच्या बॅगेची परीक्षा वेगळी. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला कुठलंही प्लॅस्टिक काचेसारखं कडक होतं. ईव्हीए आणि एफईपीही. फरक धक्का सहन करण्याचा आहे. तुटतात ते बहुधा पोर्टचे सांधे, सीलचे कोपरे आणि बॅगेबाहेर लोंबणारी नळी. बॅग ठरवलेल्या घनफळापेक्षा जास्त भरायची नाही, हवा काढायची, नळ्या दुमडून धातूच्या कॅसेटमध्ये नीट बसवायच्या. साठवण नायट्रोजनच्या वाफेत करायची. द्रवात बुडवलेल्या बॅगेला केसाएवढी फट असली तर नायट्रोजन आत शिरतो आणि वितळवताना फुगून बॅग फोडतो. चाचणीत खरा मीडिया भरून गोठवा, वाहतुकीच्या हालचाली द्या, कॅसेटसकट पाडा, ३७ अंशांवर वितळवा, मग दाब देऊन गळती बघा. लेबल टिकलं का तेही त्याच वेळी. सुटलेलं लेबल म्हणजे ओळख हरवलेली बॅग, आणि तिच्यातलं प्लॅस्टिक कितीही चांगलं असलं तरी ती चढवता येत नाही. लेबलचा गोंद आणि शाईही पातळ फिल्ममधून आत उतरू शकतात, म्हणून लेबल लावलेलीच बॅग तपासणीला पाठवावी.

निवड पक्की झाल्यावर मंजूर ग्रेडची यादी भागाच्या क्रमांकासह गोठवायची आणि प्रत्येक लॉटमधल्या काही न वापरलेल्या बॅगा राखून ठेवायच्या. सप्लायर रेझिनचा कारखाना बदलतो, स्लिप एजंट बदलतो, गॅमाऐवजी एक्स-रे सुरू करतो. "समतुल्य" असं लिहिलेलं पत्र आलं की आधी विचारायचं: स्पर्श-थर बदलला का, अ‍ॅडिटिव्ह बदललं का, निर्जंतुकीकरण बदललं का. तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर कागद फाइलला. एकाचंही "हो" असेल तर जुन्या राखीव बॅगा आणि नवा लॉट शेजारी ठेवून पेशींची चाचणी पुन्हा, आणि तिचा निकाल येईपर्यंत जुन्या लॉटचा साठा पुरेल एवढी खरेदी त्याच दिवशी नोंदवायची.